आधी साळुंकीचं पान उघडा

नंदुरबार जिल्ह्यात परदेशी पाहुण्यांनी पक्षी बघण्यासाठी केलेली सगळ्यांत गाजलेली सहल झाली, तेव्हा नंदुरबार जिल्हा अस्तित्वातच नव्हता. २५ नोव्हेंबर १९९७ च्या सकाळी पामेला रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट हे तिघे अमेरिकन शहाद्याजवळ, सातपुड्याच्या पायथ्याच्या रानात फिरत होते. शहादा त्या वेळी धुळे जिल्ह्यात. नंदुरबार वेगळा झाला तो १ जुलै १९९८ रोजी. पानं झडलेल्या एका झाडावर, चांगलं उजाडलेलं असताना, एक ठेंगणं गोल डोक्याचं घुबड उघड्यावर बसलेलं त्यांना दिसलं. तो रानपिंगळा होता. १८८४ नंतर, म्हणजे तब्बल ११३ वर्षं, त्याची एकही खरी नोंद नव्हती. पक्ष्यांच्या जगात तो जवळजवळ मेलाच असं धरून चाललेले लोक पुष्कळ होते.

परदेशी जाताना पक्ष्यांचं पुस्तक कोणतं न्यावं, हे सांगणाऱ्या पुस्तकाच्या दारात ही गोष्ट कशाला, असं वाचक विचारील. एक तर त्या तिघांच्या दृष्टीनं शहादा हाच परदेश होता. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं आहे. हा शोध मुळात निघाला तो एका फील्ड गाइडच्या कामातून. रासमुसेनबाई अमेरिकेतल्या स्मिथसोनियन संस्थेत डिलन रिप्ले यांच्या हाताखाली दक्षिण आशियातल्या पक्ष्यांच्या मार्गदर्शिकेचं काम करत होत्या. एकेका पक्ष्याची संग्रहालयातली कातडी काढायची, मोजायची, जुन्या नोंदी ताडायच्या, असं ते काम. रानपिंगळ्यापाशी आल्यावर हाताशी काय होतं? जगभरच्या संग्रहालयांत मिळून सात कातडी. पहिलं ब्लेविट या गृहस्थानं आजच्या छत्तीसगडमधल्या बसना-फुलझर भागात १८७२ मध्ये मिळवलेलं. त्यावरून ॲलन ह्यूमनं १८७३ मध्ये या पक्ष्याचं वर्णन केलं आणि ब्लेविटचं नाव त्याला चिकटलं. हा ह्यूम म्हणजे पुढे काँग्रेसच्या स्थापनेत पुढाकार घेणारा ह्यूमच. उरलेल्यांपैकी बहुतेक जेम्स डेव्हिडसन या आयसीएस अधिकाऱ्यानं १८८० च्या दशकात खानदेशात, तळोदा-शहाद्याच्या पट्ट्यात जमवलेली.

आणि एक होतं कर्नल रिचर्ड माइनर्ट्झहागेन यांचं. त्याच्या चिठ्ठीवर लिहिलं होतं: मांडवी, तापीकाठ, गुजरात, ऑक्टोबर १९१४. म्हणजे हीच सगळ्यांत अलीकडची नोंद, आणि साहजिकच शोधणाऱ्यांचे डोळे तिकडे लागलेले. रासमुसेन आणि नायजेल कॉलर यांनी हे कातडं क्ष-किरणांखाली धरलं तेव्हा दिसलं, की ते आधी एकदा भरलेलं होतं आणि नंतर उसवून पुन्हा भरलेलं. मूळची धाटणी डेव्हिडसनची. कर्नलसाहेबांनी ब्रिटिश संग्रहालयातलं डेव्हिडसनचं कातडं लांबवून, त्यावर स्वतःची चिठ्ठी लावून ते स्वतःच्या संग्रहात ठेवलं होतं. मांडवी बाद झाली. मग शोध खऱ्या जागांकडे वळला: आधी छत्तीसगडकडे, तिथं काही मिळालं नाही, आणि शेवटी खानदेश.

या साऱ्याचा आपल्या विषयाशी संबंध असा. त्याआधीच्या पुस्तकांत रानपिंगळ्याची चित्रं नव्हती असं नाही. पण ती काढणाऱ्या एकाही चित्रकारानं जिवंत रानपिंगळा पाहिलेला नव्हता. शंभर वर्षांच्या जुन्या, दोन पाय बांधून उताणं ठेवलेल्या कातड्यावरून उभा पक्षी काढायचा म्हणजे काय होणार! सालिम अली आणि रिप्ले या दोघांनीही हा पक्षी शोधला होता. त्यांना तो मिळाला नाही. १९७० च्या दशकात रानपिंगळ्याचं म्हणून छापलेलं एक छायाचित्र पुढे आपल्या साध्या पिंगळ्याचं निघालं. जिथं इतकी मोठी माणसं चकली, तिथं परक्या मुलखात उतरलेल्या तुमच्याआमच्यासारख्यांचा सारा भार एका चित्रावर आणि त्याखालच्या चार ओळींवर असतो. ते चित्र, त्या चार ओळी भरवशाच्या आहेत का, हे विकत घेण्याआधी कसं कळणार? प्रस्तावनेत मला तेवढंच बोलायचं आहे. बाकीचं पुढच्या प्रकरणांत सविस्तर आहेच.

पिंगळा आणि रानपिंगळा ही जोडी जरा जवळून पाहू, कारण चांगल्या पानाचा नमुना तिथंच सापडतो. पिंगळा आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा. गावातल्या चिंचेत, पडक्या वाड्यात, तिन्हीसांजेला चिरक चिरक करत भांडणारा. त्याच्या डोक्यावर पांढऱ्या ठिपक्यांची दाट पेरणी असते, मानेमागे पांढरट पट्टा, पोटावर तपकिरी तुटक रेघोट्या. रानपिंगळा उंचीनं जेमतेम तेवढाच. पण डोकं मोठं आणि जवळजवळ बिनठिपक्यांचं, ठिपके असलेच तर पुसट. छातीवर गडद तपकिरी आडवा पट्टा. त्याखाली पोटाचा मधला भाग स्वच्छ पांढरा. पंखांवर आणि शेपटीवर काळसर-पांढरे रुंद पट्टे. पाय जाड, पांढऱ्या पिसांनी भरलेले, नखं दणकट. शिवाय तो दिवसा वावरतो, उघड्या फांदीवर बसून सरडे-उंदरांवर नजर ठेवतो आणि शेपटी डावी-उजवीकडे झटकतो.

आता तुमच्याकडे भारतीय पक्ष्यांचं जे पुस्तक असेल ते काढा. हे दोघे एकाच पानावर, शेजारी शेजारी, एकाच मापात आहेत का? पोट दिसेल असे काढलेत का, की दोघेही पाठमोरे? मजकुरात ‘ठिपके कमी’ एवढंच लिहिलंय, की कुठले कमी आणि कुठले मुळीच नाहीत हेही सांगितलंय? शेपटी झटकण्याबद्दल एक शब्द आहे का? हे असेल तर ते पुस्तक बनवणाऱ्यानं रानात घाम गाळलाय. नसेल तर त्यानं दुसऱ्याच्या पुस्तकावरून पुस्तक केलंय. असली पुस्तकं पुष्कळ आहेत, आणि त्यांची मुखपृष्ठं फार सुंदर असतात.

पण केनियाचं किंवा पेरूचं पुस्तक हाती आल्यावर असं कसं पारखणार? आपण तिथला एकही पक्षी पाहिलेला नाही. आपण बहुतेक जण काय करतो, तर सगळ्यांत रंगीत पान उघडतो. आफ्रिकेचं असेल तर टुराको, दक्षिण अमेरिकेचं असेल तर हमिंगबर्ड. डोळे निवतात आणि पाकीट उघडतं. तो टुराको बरोबर काढलाय की चूक, हे सांगायला आपल्यापाशी काहीच नसतं. म्हणून माझा सल्ला आहे, की आधी साळुंकीचं पान उघडा.

साळुंकी आज अर्ध्या जगात आहे. १८६२ मध्ये तिला मेलबर्नला नेऊन सोडलं, पिकांवरच्या किडी खाईल म्हणून. आज ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्यावर ती नकोशी झालीय. दक्षिण आफ्रिकेत आहे, सिंगापुरात आहे, हवाईत आहे. तिला आपण जन्मापासून ओळखतो. डोळ्यामागची पिवळी कातडी नेमकी कुठं सुरू होते आणि कुठं संपते, उडाली की पंखावर पांढरा चांद कसा लख्खकन उघडतो, शेपटीच्या टोकाची पांढरी किनार, पिल्लाचं डोकं काळं नसून मळकट तपकिरी कसं, पिसं गळण्याच्या दिवसांत एखादी अगदी टकली होऊन विजेच्या तारेवर कशी बसते, हे सगळं आपल्याला न सांगता ठाऊक. परक्या देशाच्या पुस्तकात ती अशी भेटते का ते पाहा. चित्रकारानं उडती साळुंकी काढलीय का? पिल्लू दाखवलंय का? पिवळा रंग छपाईत नारिंगी तर झाला नाही? साळुंकीशी जो प्रामाणिक राहिला, तो टुराकोशीही राहिला असेल असं मानायला हरकत नाही. साळुंकीला ज्यानं ‘काय, सगळीकडेच असते’ म्हणून उरकून टाकलं, त्यानं आणखी कुणाकुणाला उरकलंय देव जाणे.

साळुंकी नसेल तिथं दुसरं कुणी असतंच. मोम्बासाच्या रस्त्यांवर आपला गावकावळा आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तो झांझिबारला पोचला आणि तिथून पसरला. पूर्व आफ्रिकेच्या पुस्तकात त्याची राखाडी मान आणि तिथल्या पांढऱ्या छातीच्या कावळ्याचा फरक एका नजरेत कळला पाहिजे. लंडनच्या बागांतून आपला पोपट थव्यानं फिरतो. युरोपच्या पुस्तकानं त्याच्या शेजारी खांद्यावर लाल डाग असलेला मोठा करण पोपटही काढलाय का बघा, कारण काही युरोपीय शहरांत तोही सुटून वसलाय. दक्षिण अमेरिकेत गायबगळा आणि चिमणी.

ज्यांना आणखी खोलात जायचंय त्यांनी हिवाळ्यातले आपले पाहुणे घ्यावेत. सारंगखेड्याला, प्रकाशाला तापीच्या काठावर थंडीत धोबी पक्षी शेपटी हलवत हिंडतात. त्यांतल्या पिवळ्या धोब्याच्या इतक्या उपजाती आहेत, आणि नरांची डोकी इतक्या तऱ्हांची, की त्या एका पानावरून चित्रकाराची सचोटी कळते. खानदेशात ज्वारीच्या कणसांवर उतरणाऱ्या भोरड्या मध्य आशियात आणि पूर्व युरोपात वीण करतात. युरोपच्या पुस्तकात भोरडीचा गुलाबी नर असतोच असतो. तिचं फिकट मातकट पिल्लू, पिवळसर चोचीचं, आहे का ते पाहायचं. शरद ऋतूत पश्चिम युरोपात भरकटत येतं ते बहुधा हे पिल्लूच, आणि लोक फसतात ते त्याच्यापाशी.

या परीक्षेत ‘कॉलिन्स बर्ड गाइड’ उत्तम उतरतं. स्वेन्सन यांचा मजकूर, मुलार्नी आणि झेटरस्ट्रोम यांची चित्रं, इंग्रजीत पहिल्यांदा १९९९ मध्ये आलेलं. युरोपला जाणाऱ्यानं दुसरं काही शोधत बसू नये. इतकं सरळ उत्तर फार थोड्या देशांबाबत देता येतं.

छायाचित्रांचं पुस्तक की चित्रांचं, हा वाद पक्षिमित्रांच्या बैठकीत कायम रंगतो. माझं मत एकतर्फी आहे: ओळखायला चित्रं, आठवण म्हणून छायाचित्रं. छायाचित्रात एक पक्षी असतो, एका क्षणी, एका उजेडात. सकाळच्या सोनेरी उन्हात टिपलेला राखाडी पक्षी तपकिरी दिसतो आणि आपण तपकिरी पक्षी शोधत बसतो. चित्रकार शंभर पक्ष्यांतून एक पक्षी उभा करतो, दहाही जवळच्या जातींना एकाच बाजूला तोंड करून बसवतो आणि फरक जिथं आहे तिथं डोळा नेतो. १९३४ मध्ये रॉजर टोरी पीटरसन यांनी अमेरिकेच्या पूर्व भागासाठी पहिलं असं पुस्तक काढलं, त्यात खुणेच्या जागी बारीक रेघा ओढलेल्या होत्या: इथं बघा, इथं बघा. पहिली आवृत्ती दोन हजार प्रतींची, ती हातोहात संपली. त्याआधी पक्षी नक्की ओळखायचा तर बंदूक लागायची. डेव्हिडसनची कातडी त्याच काळातली. आपल्याकडे सालिम अलींचं ‘द बुक ऑफ इंडियन बर्ड्‌स’ १९४१ मध्ये आलं आणि दोन-तीन पिढ्या त्यावर वाढल्या. मारुती चितमपल्लींच्या ‘पक्षीकोशा’नं मराठी नावांचं भांडार उघडं केलं, पण तो कोश आहे, घरी टेबलावर ठेवून वाचायचा. रानात न्यायचं पुस्तक ही वेगळी जात.

ते वेगळेपण पानांच्या मांडणीत असतं. डाव्या हाताला मजकूर आणि नकाशा, उजव्या हाताला चित्र, असं समोरासमोर असेल तर पक्षी फांदीवर असेपर्यंत काम होतं. चित्रं मधे एकत्र आणि मजकूर मागे चारशेव्या पानावर, असं असेल तर पक्षी उडून जातो आणि तुम्ही पानं उलटत राहता. पूर्व आफ्रिकेसाठी झिमरमन, टर्नर आणि पिअर्सन यांचा १९९६ चा ग्रंथ विद्वत्तेत भारी, वजनातही भारी. पण जीपच्या टपातून डोकं बाहेर काढून उभं असताना स्टीव्हन्सन आणि फॅनशॉ यांचंच पुस्तक हाताला येतं. केनिया, टांझानिया, युगांडा, रवांडा, बुरुंडी असे पाच देश त्यात बसवलेत आणि सारं समोरासमोर. तिथल्या गाइडनं त्याच पुस्तकाचं पान बोटानं दाखवलं आणि तुमच्याही मांडीवर तेच उघडं असलं, तर निम्मी भाषेची अडचण मिटते. आपल्याकडे ग्रिमेट आणि इन्स्किप दांपत्याचा १९९८ चा जाडा ग्रंथ आला आणि पुढच्याच वर्षी त्याची खिशातली आवृत्ती निघाली, ती याच गरजेपोटी.

आणि कव्हरवर ‘अमुक हजार जाती’ असं ठळक छापलेलं असेल तर भुलू नका. जास्त जाती म्हणजे जास्त चुकीची उत्तरं. आठ दिवस श्रीलंकेला जायचं तर श्रीलंकेचंच पुस्तक घ्यावं, अख्ख्या उपखंडाचं नको. तिथं नसलेले हजारभर पक्षी तुमच्या आणि खऱ्या उत्तराच्या मधे उभे राहतात. दक्षिण अमेरिकेत तर हा प्रश्न गंभीर होतो, कारण एकट्या कोलंबियात १९०० च्या वर जाती. तिकडं जाणारे काही जण चित्रांची पानं कापून वेगळी बांधून घेतात आणि बाकीचं पुस्तक हॉटेलात ठेवतात. पुस्तकावर कात्री चालवायची कल्पना मला सोसत नाही, पण अँडीजच्या चढावर ती पटत असावी.

आवृत्तीचं साल पाहायला विसरू नका. हॅरिसन आणि वॉरफोक यांचं श्रीलंकेचं पुस्तक १९९९ चं. २००१ मध्ये दीपल वारकागोडा यांनी तिथल्या पावसाळी जंगलात एक नवंच तांबूस घुबड शोधलं आणि २००४ मध्ये त्याचं शास्त्रीय वर्णन झालं. जुनी आवृत्ती स्वस्तात मिळाली म्हणून घेतली, तर त्या घुबडाला त्यात जागाच नाही. याउलट नवी म्हणजे चांगली असंही नाही. अमेरिकेच्या सिब्लींच्या गाजलेल्या पुस्तकाची २०१४ ची दुसरी आवृत्ती पहिल्या छपाईत इतकी गडद आली, की लाल पक्षी काळपट दिसू लागले; पुढच्या छपाईत ते सुधारलं. म्हणून शक्य असेल तर प्रत हातात घेऊन, खिडकीशी नेऊन पाहावी. इथंही साळुंकी उपयोगी पडते.

नकाशांवर मात्र मी फार विसंबत नाही. नकाशात रंग भरलेला असतो तो पक्षी जिथं आहेत तिथं नव्हे, माणसं जिथं गेली तिथं. रानपिंगळ्याचा १९९६ चा नकाशा काढला असता तर त्यात प्रश्नचिन्हांखेरीज काय असतं? शहाद्यानंतर तोरणमाळ आणि तळोद्याच्या रानांत शोध झाला, मेळघाटात तो चांगल्या संख्येनं सापडला, मध्य प्रदेशात सापडला, आणि २०१४ मध्ये तर मुंबईच्या उंबरठ्यावर, तानसा अभयारण्यात निघाला. तो तिथं २०१३ मध्ये नव्हता असं थोडंच आहे! परदेशातल्या पुस्तकात एखादा पक्षी तुमच्या मुक्कामापासून पन्नास किलोमीटरवर संपलेला दिसला, तर त्याला लगेच बाद करू नका. पण मग खुणा मात्र सगळ्या जुळल्या पाहिजेत.

मोबाइल आहेच. कॉर्नेल विद्यापीठाचं मर्लिन ॲप फुकट मिळतं, देशागणिक त्याचे संच आधी उतरवून घेता येतात, मग नेटवर्क नसलं तरी चालतं. ते जरूर घ्यावं. धडगावच्या पुढे रेंज जाते तशीच ती जगातल्या बहुतेक चांगल्या रानांत जाते, तेव्हा विमानतळावर बसून संच उतरवत बसू नये. आवाजावरून पक्षी सांगण्याची त्यातली सोय सगळ्या देशांत सारखी पक्की नाही. आणि फोन उत्तर देतो, शेजारी दाखवत नाही. पिंगळा का नाही, रानपिंगळाच का, हे समजायला दोघे एका पानावर लागतात. एक छोटी अडचण इथंच सांगतो: ॲपमधलं इंग्रजी नाव आणि पुस्तकातलं नाव पुष्कळदा जुळत नाही, म्हणून सूचीत शास्त्रीय नावंही आहेत असंच पुस्तक निवडावं.

खर्चाचं म्हणाल, तर ही पुस्तकं स्वस्त नाहीत, आणि प्रत्येकानं प्रत्येक देशाचं घ्यावं अशी गरजही नाही. गटानं जाताना गाडीमागे एक प्रत पुरते. पण ती निघण्याच्या आदल्या रात्री बॅगेत कोंबून उपयोग नाही. महिनाभर आधी आणावी, रोज रात्री दोन-चार पानं बघावीत, ज्या उद्यानात जाणार तिथल्या पक्ष्यांची यादी ई-बर्डवरून काढून पुस्तकात पेन्सिलीनं टिकमार्क करावेत. रासमुसेनबाई शहाद्याला आल्या तेव्हा त्यांनी ती सातही कातडी आधी डोळ्यांखालून घातलेली होती. झाडावरच्या पक्ष्याचं पोट पांढरं आहे की रेघोट्यांचं, हे कुठं बघायचं ते त्यांना ठाऊक होतं. पुढे २००५ मध्ये जॉन अँडरटन यांच्याबरोबर त्यांचा दक्षिण आशियाच्या पक्ष्यांवरचा दोन खंडांचा ग्रंथ आला, रिप्लेंच्या नावानं. त्यातलं रानपिंगळ्याचं पान हा पक्षी जिवंत बघितलेल्या बाईंच्या हाताखालून गेलेलं आहे.

पुढच्या प्रकरणांत देशवार पुस्तकांची चर्चा आहे. श्रीलंका, थायलंड आणि पूर्व आफ्रिका आधी घेतलीत, कारण मराठी मंडळी सध्या तिकडंच जास्त जातात. प्रत्येक प्रकरणाच्या सुरुवातीला त्या देशात भेटणारे आपल्या ओळखीचे पक्षी दिले आहेत. पुस्तक घ्यायला निघालात तर तेवढी एक यादी मोबाइलमध्ये टिपून घ्या, आणि दुकानदारानं टुराकोचं पान पुढे केलं तरी आधी तीच पानं उघडा.